कुशाबांच्या वासाचं प्रकरण

सोमवारी सकाळी कुशाबा धुरी मासे आणायला खाली उतरले. लिफ्टचं दार लागल्याची खात्री झाली, तेव्हा जिन्याच्या दारामागून भजनी मंडळाचे दोन मानकरी बाहेर आले. एक हितेंद्रबुवा गावडे, म्हणजे पेटीवर बसून गाणारे आणि बाकीच्यांनी कुठे बसायचं ते ठरवणारे. दुसरे झांजवाले भिवाकाका, कुशाबांचे चाळीस वर्षांचे दोस्त. सतराव्या मजल्यावर दोघं लिफ्टनेच आले होते, पण दहा मिनिटं श्वास रोखून लपल्यामुळे जिना चढून आल्यासारखे धापा टाकत होते.

"बाबा आत्ताच गेले," रुपाली म्हणाली.

"म्हायत आसा," भिवाकाका म्हणाले आणि सोफ्याच्या कडेला बसले.

चहा झाला. बुवांनी चहाची स्तुती केली. मग लालबागच्या जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या या टॉवरची, मग खिडकीतून दिसणाऱ्या दुसऱ्या टॉवरची. स्तुती करण्याजोगं काहीच उरलं नाही तेव्हा ते म्हणाले, "रुपाली, तू शिकलेली. लायब्ररीत असतेस. तुला समजेल. गोष्ट जरा आतली आहे."

"मंडळाच्या?"

"शर्टाच्या."

भिवाकाकांनी कपाळाला हात लावला. "बुवांनू, सरळ सांगा ना! गो, तुझ्या बापाशीच्या अंगाक वास येता."

एकदा झाकण उडाल्यावर बुवांनी सगळंच ओतलं. चैत्रापासून थोडा थोडा यायचा. गणपतीत उदबत्त्यांनी झाकला. नवरात्रात त्यांना वाटलं, निर्माल्य उचललं नसेल. "पण परवा कोजागिरीला गच्चीवर, उघड्या हवेत, कुशाबा माझ्या शेजारी बसले. मी पेला तोंडाला लावला आणि मला वाटलं दूध नासलं. ओतून दिलं गं मी. केशराचं दूध!"

"मी दोन पेले प्यालंय," भिवाकाका म्हणाले. "माका सर्दी होती."

मुद्दा असा होता. येत्या शनिवारी प्रभादेवीला माझगावच्या मंडळाबरोबर डबलबारी होती. दोन मंडळं समोरासमोर बसणार, एकाने गायचं, टोमणे मारायचे, मग दुसऱ्याने परतफेड करायची. हॉल नवाकोरा, एसी, आणि त्याच्या खिडक्या उघडतच नाहीत. पखवाजी म्हणजे कुशाबा, आणि ते बसणार बुवांच्या उजव्या हाताला, वीतभर अंतरावर. अँटॉप हिलला हर्षवर्धन नावाचे एक इंजिनियर गृहस्थ होते, बरा हात होता त्यांचा. शुक्रवारपर्यंत काही फरक पडला तर उत्तम, नाहीतर शनिवारी पखवाजावर ते.

"बाबांना तुम्ही सांगितलंत?"

दोघांनी आपापल्या कपात पाहिलं.

ते गेल्यावर रुपालीने कप गोळा केले. आई फाल्गुनात गेली. रुपाली चौदा दिवसांसाठी म्हणून आली होती, ती तशीच राहिली होती. तेव्हापासून कुशाबा टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघत. जेव म्हटलं की जेवत, झोपा म्हटलं की झोपत. फक्त भजन असलं की दुपारी चारपासून इस्त्रीचा शर्ट घालून, पखवाजाची पिशवी खांद्याला लावून तयार असत. तेवढं एक गेलं तर मग काय राहील, हा विचार तिने पुरा केला नाही, कप धुतले.

आणि वास तिलाही येत होता. ती समजत होती मोरीच्या पाइपातून येतो. तिने सोसायटीला दोन अर्ज केले होते.

गिरगावातल्या तिच्या ग्रंथालयात आरोग्याचं एक अख्खं कपाट होतं, आणि ते कुणी उघडत नसे. दुपारी तिने ते उघडलं. घामाला स्वतःचा वास नसतो, असं एका डॉक्टरांनी लिहिलं होतं. काखेतल्या दाट घामावर कातडीवरचे जंतू ताव मारतात, वास येतो तो त्यांच्या पंगतीचा. कांदा, लसूण, मसाले, सुकी मासळी यांनी भर पडते. मनाला ताण असला की वेगळाच, जास्त वासाचा घाम येतो. टेरिकॉटमध्ये घाम कोंडतो. ओलसर कपडे घडी केले की आंबतात. काही आजारांतही अंगाचा वास बदलतो, तेव्हा अचानक फरक पडला तर डॉक्टरांना दाखवावं. कुशाबांच्या साखरेची आणि मूत्रपिंडाची तपासणी श्रावणातच झाली होती, सगळं ठीक होतं. तिने वही काढून दोन रकाने आखले, एकीकडे कारणं, दुसरीकडे उपाय. आईच्या वेळीही तिने अशीच वही केली होती, औषधांची आणि वेळांची. वही फार नीटनेटकी झाली होती.

बाबांना खरं सांगायचं धाडस तिच्यात नव्हतं. संध्याकाळी ती म्हणाली, "लायब्ररीत व्याख्यान आहे. ऑक्टोबरचा उकाडा आणि आपली कातडी. मला प्रयोगाला एक माणूस हवा."

"उंदीर गावलो नाय?" कुशाबांनी टीव्हीवरची नजर न काढता विचारलं. पण लायब्ररीचं काम म्हटल्यावर ते नाही म्हणाले नाहीत. लेकीच्या नोकरीबद्दल त्यांना फार आदर होता. तिथे बोलायला बंदी असते एवढंच त्यांना माहीत होतं आणि तेवढं त्यांना पुरेसं होतं.

पहिला उपाय जेवणात. कांदा-लसूण बंद, सुकट बंद. मंगळवारी पानात दुधीची भाजी आणि मुगाची आमटी आली. कुशाबांनी आमटी चमच्याने ढवळली, तळाशी काही आहे का पाहिलं, आणि म्हणाले, "कोण आजारी आसा?"

"प्रयोग आहे बाबा."

"ह्या खाऊन कातडी सुधारतली. आतलो माणूस मरतलो."

मग तुरटी. आंघोळीनंतर ओल्या काखेत फिरवायची, जंतू दबतात. कुशाबांनी तुरटी काखेत फिरवली, आणि हातात आहेच तर म्हणून गालावर, मानेवर, टकलावरही फिरवली. सुकल्यावर सगळं कातडं असं ताणलं गेलं की त्यांना हसताही येईना. शेजारच्या कमलकाकूंनी लिफ्टमध्ये विचारलं, "भावोजी, रागावलात का?" ते नुसतंच हुं म्हणाले, कारण तोंड तेवढंच उघडत होतं.

बुधवारी कडुलिंब. पाला उकळून ते पाणी आंघोळीच्या बादलीत घालायचं. रुपालीने पाला उकळला आणि फोन आला म्हणून गाळायचा राहिला. कुशाबा आले ते कानामागे, भुवईवर, छातीच्या पांढऱ्या केसांत पानं अडकवून. "आता माका चैत्र पाडव्याक दारार उभो कर," ते म्हणाले. रुपाली हसली. आई गेल्यापासून या घरात मोठ्याने हसण्याची ही पहिलीच वेळ, हे दोघांच्याही एकदम लक्षात आलं आणि दोघंही पानं वेचायला लागली.

ती पानं काढताना रुपालीने चोरून वास घेतला. कडुलिंब, साबण आणि बाबा, बस्स. दुसरं काही नाही. ती खूश झाली. पाच मिनिटांनी ते शर्ट घालून आले आणि बरोबर तो आंबूस वास घेऊन आले. तिने वहीत लिहिलं, "टेरिकॉट?" आणि संध्याकाळी दादरला जाऊन सुती शर्ट आणले, चार. रुमालही आणले, कारण बाबांचे रुमाल हल्ली फार हरवत. नवे शर्ट धुऊन, वाळवून तिने दारामागच्या आकड्याला टांगले. त्या घरात दुसरीकडे टांगायची सोयच नव्हती. नव्या इमारतीच्या भिंती इतक्या पोकळ की खिळा ठोकला तर पलीकडच्या कमलकाकू "कोण आहे?" म्हणून विचारत. बाबांचे शर्ट, छत्री, पखवाजाची पिशवी, सगळा संसार त्या एका आकड्यावर होता.

गुरुवारी सकाळी कोऱ्या सुती शर्टालाही वास आला.

रुपालीचा धीर सुटला. जे शांतपणे एकेक करायचं होतं, ते तिने एकदम केलं. लिंबू चोळायला दिलं. कातडी खरचटलेली असेल तर लिंबू लावू नये, असं पुस्तकात लिहिलं होतं आणि ते तिने सांगितलंही, पण कुशाबांनी त्याच सकाळी व्याख्यानाची शान राखावी म्हणून काख वस्तऱ्याने साफ केली होती. मोरीतून आलेला आवाज ऐकून कमलकाकूंनी बेल वाजवली. त्यानंतर थंडाव्यासाठी चंदन. प्यायला वाळ्याचं पाणी. शर्टाच्या खिशात कापूरकाचरीची पुरचुंडी. दुपारपर्यंत घराला एखाद्या पूजेच्या सामानाच्या दुकानाची कळा आली, आणि त्या सगळ्याच्या खालून, शांतपणे, वास येतच राहिला.

त्यातच भिवाकाका आले. काम काहीच नव्हतं, हेरगिरीला बुवांनी पाठवलं होतं. कुशाबांच्या शेजारी बसून त्यांनी नाक दोनदा वर केलं आणि आपण फार दिलासा देतो आहोत अशा आवाजात म्हणाले, "नाय, लिंबवान जरा कमी झालो हा."

"काय कमी झालो?"

"वास."

पंखा फिरत होता. कुशाबांनी आधी भिवाकाकांकडे, मग लेकीकडे पाहिलं.

"व्याख्यान नाय?"

"नाही बाबा."

"मगे माझ्या काखेत लिंबू कित्याक?"

रुपालीने सगळं सांगितलं. बुवा, कोजागिरीचं दूध, एसी हॉल, अँटॉप हिलचे गृहस्थ. सांगताना ती वहीकडे पाहत होती, जणू ते तिथेच लिहिलेलं होतं. कुशाबा म्हणाले, "तुझ्या आवशीन तोंडार सांगल्यान असतां."

"हो, आईने सांगितलं असतं."

"इतक्या वर्सांत कधी सांगल्यान नाय. म्हणजे तेव्हा नव्हतो." त्यांनी स्वतःचा दंड हुंगला, मग दुसरा. "आता माका कळणां पण नाय. भिवा, बुवाक सांग, त्या माणसाक बसवा. आणि माझो पखवाज घेवन जा. दुसरो आणून आयत्या टायमाक सुराक लागाचो नाय. मंडळाचा हसा व्हता नये."

"कुशा, असा नको करू."

"घेवन जा म्हटलंय ना!"

ते उठले आणि आकड्यावरची पिशवी काढून त्यांनी स्वतःच भिवाकाकांच्या खांद्याला अडकवली. मग खिडकीशी जाऊन पाठ करून उभे राहिले. रुपालीने दार उघडलं. भिवाकाका दोन पावलं गेले, थांबले. त्यांनी डावीकडे नाक नेलं. उजवीकडे नेलं. हळूच शर्टाची कॉलर ओढून आत पाहिलं.

"गो रुपाली," ते कापऱ्या आवाजात म्हणाले, "माका येवक लागलो."

"काय?"

"वास! कुशाचो वास! माझ्या अंगाक येता! लागण झाली गो!"

खिडकीशी उभे असलेले कुशाबा वळले. रुपालीने पुढे होऊन भिवाकाकांचा खांदा हुंगला. मग पाठ. मग तिने पिशवी त्यांच्या खांद्यावरून काढून जमिनीवर ठेवली आणि पुन्हा खांदा हुंगला. बिनवासाचा, साधा, झांजवाला खांदा.

पिशवी आईने शिवलेली होती, जाड मांडवाच्या कापडाची, एका अंगाला लांबच लांब खिसा आणि त्याला चेन. खिसा पखवाज सुरात लावायच्या हातोडीसाठी नि भजनाच्या वहीसाठी होता. तो आता गरोदर दिसत होता. रुपालीने नाकाला पदर लावला आणि चेन ओढली. चेन अर्ध्यावर अडकली, मग फाटल्यासारखा आवाज होऊन उघडली, आणि आतून एकेक करून बाबांचे हरवलेले अकरा रुमाल बाहेर आले. प्रत्येकात एक गोळा.

पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओल्या कणकेचा गोळा थापतात. त्याशिवाय तो घुमत नाही. भजन संपलं की गोळा काढावा लागतो, नाहीतर कातडं खराब होतं. ज्या घरी भजन असतं त्या घरची बाई कणीक मळून देते. अन्न टाकायचं नाही, म्हणून कुशाबा वाजवणं झालं की तो गोळा रुमालात बांधून खिशात ठेवत. इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे होतं.

"पुढे?" रुपालीने विचारलं.

"पुढे काय?"

"घरी आल्यावर त्या गोळ्याचं काय करायचात?"

कुशाबा विचारात पडले. एखाद्याला तुझा श्वास कुठे जातो असं विचारावं तसा त्यांचा चेहरा झाला. "काय नाय. पिशवी टांगून ठेवतंय. दुसऱ्या टायमाक खिसो रिकामो आसता."

"म्हणजे?"

"आपोआप जाता."

"आपोआप?"

"सुकून भुगो होऊन जात असतलो. माका काय म्हायत! तीस वर्सां जात होतो!"

भिवाकाका जमिनीवरच बसले. त्यांना हसू आवरेना. "कुशा, अरे आपोआप? आणि रुमाल? रुमाल पण भुगो होऊन जाय?"

"रुमाल कपाटात गावायचो. धुतलेलो."

मग कुशाबा स्वतःच थांबले, आणि सत्तरीतल्या त्या माणसाला आपण काय बोललो ते ऐकू आलं.

आई होती तोवर भजनाच्या दुसऱ्या दिवशी दोरीवर एकच रुमाल वाळत असायचा, हे रुपालीला आठवलं. बाकी कपडे नंतर, तो आधी. का, हे तिनेही कधी विचारलं नव्हतं.

"यंदा खिसो तुडुंब झालो," कुशाबा हळू आवाजात म्हणाले. "माका वाटला कापड आखडला."

त्यावर तिघंही हसले, बराच वेळ, आणि कुशाबांनी मधेच डोळे पुसले ते हसण्यानेच असतील. मग त्यांनी जमिनीवर मांडलेल्या गोळ्यांची ओळख करून द्यायला सुरुवात केली. "ह्यो रामनवमीचो. ह्यो हनुमान जयंतीचो, ह्याका केस इले. ह्यो हिरवो आषाढी एकादशीचो." गोकुळाष्टमीच्या गोळ्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही, तो रुमालासकट गेला. भिवाकाकांना या वेळी सर्दी नव्हती, याचं त्यांना फार दुःख झालं.

शुक्रवारी रुपालीने रजा काढली. पिशवी सोड्याच्या उकळत्या पाण्यात तासभर बुडवली, घासली, पुन्हा बुडवली. आकड्यावरचे सगळे शर्ट धुतले आणि गच्चीवर कडक उन्हात उलटे करून वाळत घातले. वहीत लिहिलेल्या उपायांत ऊन सगळ्यात शेवटी होतं, एका ओळीत. कुशाबा खुर्ची टाकून दिवसभर कपड्यांची राखण करत बसले. भिवाकाका बुवांकडे गेले आणि त्यांनी शपथेवर सांगितलं. बुवांनी विश्वास ठेवला नाही. "तुझं नाक सर्दीचं," ते म्हणाले. "हर्षवर्धनना मी हो सांगून बसलोय. शनिवारी हॉलवर बघू. मी स्वतः हुंगणार."

शनिवारी चार वाजता प्रभादेवीच्या हॉलखालच्या पार्किंगमध्ये मंडळ जमलं. हर्षवर्धन आपला पखवाज मांडीवर घेऊन एका स्कूटरवर बसले होते. कुशाबा नव्या सुती शर्टात, हात बाजूला पसरून, विमानतळावर झडती देतात तसे उभे राहिले. बुवा पुढे झाले. बुवांनी खांदा हुंगला, पाठ हुंगली, पिशवी हुंगली. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"येतोय."

"काय येतोय?" रुपालीचा आवाज चिरकला.

"कडुलिंबाचा. आणि तुरटी. आणि हे... चंदन का?"

"बाबांनी आज काहीही लावलेलं नाही," रुपाली म्हणाली. "फक्त आंघोळ."

मग मागून कोरसवाले कोंडीराम पुढे आले, मान खाली घालून. "कडुलिंब माझा. बायको म्हणाली, वास कुशाबांचा नसेल, तुमचाच असेल." दुसऱ्याने खिशातून तुरटीचा खडा काढून दाखवला. तिसऱ्याने चार दिवस कांदा खाल्ला नव्हता. मंडळातल्या प्रत्येक माणसाला, जाहीरपणे नाही पण मनातल्या मनात, आपलाच संशय होता.

"आणि चंदन?" भिवाकाकांनी विचारलं.

हितेंद्रबुवांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. "आमच्या हिचा आग्रह," ते म्हणाले. "हर्षवर्धन, तुम्हाला उगाच त्रास झाला. वर पहिल्या रांगेत बसा. कुशाबा, चला, माझ्या उजवीकडे."

माझगावच्या बुवांनी पहिल्याच बारीत हवा हुंगून माईकवर विचारलं, "लालबागकर, भजनाला आलात की काढा उकळायला?" हॉल हसला. हितेंद्रबुवा परतफेडीची ओळ जुळवत असतानाच कुशाबांनी डाव्या तोंडावर असा हात टाकला की बंद खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि माझगावकर पुढचा टोमणा विसरले. मग दोन तास आपल्या प्रत्येक बारीत कुशाबा थांबले नाहीत. मान डोलवत, ओठ चावत, मधेच भिवाकाकांकडे बघून डोळा मारत वाजवत राहिले. एसीला न जुमानता नवा शर्ट पाठीला चिकटला, बाह्या काळ्या पडल्या, हनुवटीवरून थेंब पखवाजावर पडायला लागले. बुवा वीतभर अंतरावर होते. ते सरकले नाहीत, उलट शेवटच्या गजराला कुशाबांच्या खांद्यावर हात ठेवून गायले.

डबलबारी संपल्यावर कुशाबा पहिल्या रांगेशी आले, अंगातून वाफ निघत असलेले, आणि लेकीपुढे वाकले.

"खरां सांग. वास येता?"

रुपालीने हुंगलं. या वेळी चोरून नाही.

"येतो. घामाचा."

"येवंदे," कुशाबा म्हणाले. "तो माझो आसा." आणि माझगावकरांनी चहाला हाक मारली म्हणून त्यांच्या घोळक्यात घुसले.